समुद्री बर्फाचा ग्राफ 1979 पासूनच का सुरू होतो?

आर्क्टिकचा बर्फ किती घटला याची बातमी दर सप्टेंबरात येते आणि सोबतचा ग्राफ बहुतेक वेळा 1979 पासूनच सुरू होतो. त्याआधी सॅटेलाइट नव्हते असं नाही, होते की, पण ध्रुवाकडे साध्या कॅमेऱ्याचं फारसं चालत नाही, महिनोन्‌महिने अंधार, उजेड असेल तेव्हा ढग, आणि वरून बघावं तर ढगही पांढरा नि बर्फही पांढरा.

वाट सापडली ती मायक्रोवेव्हमुळे. बर्फ पाण्यापेक्षा गार असला तरी तो मायक्रोवेव्ह पाण्यापेक्षा कितीतरी जास्त सोडतो, त्यामुळे अंधारात, ढगांच्या आडूनसुद्धा बर्फ उजळ दिसतो आणि पाणी काळं. नासाने डिसेंबर 1972 मध्ये निंबस-5 या सॅटेलाइटवर मायक्रोवेव्ह टिपणारं यंत्र पाठवलं आणि त्यात जे दिसलं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं! अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात ऐन हिवाळ्यात, चहूबाजूंनी बर्फ आणि मधोमध उघडं पाणी, तेही साधारण अडीच लाख चौरस किमी, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून थोडंच लहान. 1974 ते 76, सलग तीन हिवाळे ते तसंच राहिलं, कारण खालचं कोमट पाणी वर येत होतं आणि बर्फ धरूच देत नव्हतं. ढगांखालची ही जागा कॅमेऱ्याला अशी सलग कधीच दिसली नसती.

पण निंबस-5 ला एकच चॅनल होता, म्हणजे मायक्रोवेव्हची एकच फ्रिक्वेन्सी तो टिपायचा, त्यामुळे नवा बर्फ, जुना बर्फ, विरळ बर्फ यांत गल्लत व्हायची. ऑक्टोबर 1978 मध्ये अनेक चॅनलवाला निंबस-7 गेला, तो दिवसाआड नकाशा द्यायचा, म्हणून पहिलं पूर्ण वर्ष 1979. 1987 पासून अमेरिकेच्या लष्करी हवामान सॅटेलाइटमुळे नकाशे रोजचे झाले. साधारण 25 किमीचा चौकोन, त्यात निदान 15 टक्के बर्फ असेल तर तो बर्फाळ धरायचा, हा हिशोब अजून तोच आहे. उन्हाळ्यात मात्र बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात, ती यंत्राला समुद्रच वाटतात आणि बर्फ खरा आहे त्याहून कमी मोजला जातो.

मला सगळ्यात भावतं ते निंबस-1 चं काम. हा सॅटेलाइट 1964 मध्ये जेमतेम महिनाभर चालला, त्याच्या फिल्मची रिळं डब्यांत कित्येक दशकं पडून होती, शेवटी अमेरिकेतल्या बोल्डरच्या संशोधकांनी ती काढून फ्रेम फ्रेम स्कॅन केली आणि जिथे ढग नाहीत तिथे बर्फाची कड डोळ्यांनी शोधून नकाशावर मांडली. सप्टेंबर 1964 चा अंटार्क्टिकाचा आकडा निघाला साधारण 1 कोटी 97 लाख चौरस किमी. 2023 मध्ये तिथला वर्षातला सगळ्यात मोठा विस्तारसुद्धा 1 कोटी 70 लाखांच्या खालीच राहिला.