फ्रान्सहून घरी आलेली हिंदी शिपायांची पत्रं (१९१४-१८)

पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी, म्हणजे इंग्रजांच्या फौजेतल्या भारतीय, शिपायांनी गावी आईबापांना, बायकोला, भावांना धाडलेली ही पत्रं. १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस पहिले जवान मार्सेय बंदरात उतरले, आणि युद्ध संपेपर्यंत एकट्या फ्रान्सला सव्वा लाखाच्या वर हिंदी माणूस गेला, त्यात पंजाबी, पठाण, गढवाली, डोगरे जास्त. आपली मराठी माणसंही होती, खडकीच्या सॅपर्सच्या (खंदक, पूल, सुरुंगाची कामं करणाऱ्या पलटणीच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समधल्या नव शापेल गावावरच्या हल्ल्यात होत्या आणि तिथे त्यांची फार माणसं गेली.

बऱ्याच शिपायांना लिहिता यायचं नाही, मग पलटणीतला कोणी शिकलेला लिहून द्यायचा, आणि गावाकडे पण मास्तर नाहीतर पोस्टमन वाचून दाखवायचा, म्हणजे नवरा-बायकोचं बोलणं चार माणसांच्या कानांवरून जायचं. शिवाय मध्ये सेन्सॉर. आधी पलटणीतले साहेब बघायचे, मग फ्रान्समधल्या बूलोन्य बंदरातल्या सेन्सॉर ऑफिसात परत तपासणी, तिथले मुख्य हॉवेल म्हणून अधिकारी. १९१५ च्या सुरुवातीला आठवड्याला दहा-वीस हजार पत्रं निघायची, सगळी वाचणं शक्यच नव्हतं, निवडक पत्रांचं इंग्रजी भाषांतर करून रिपोर्ट वर पाठवायचे. अडवलेली पत्रं त्या मानाने थोडीच.

शिपायांनाही हे माहीत होतं, म्हणून आडून लिहायचे. एकाने लिहिलं की काळी मिरी संपत आलीय, आता लाल मिरची वापरतायत, पण अधूनमधून काळी लागतेच, काळी फार झणझणीत आणि लाल तेवढी तिखट नाही. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, लाल म्हणजे गोरे. घरच्यांना यातून एवढंच कळायला हवं होतं की आपली माणसं फार मरतायत, भावाला भरती होऊ देऊ नका. दुसऱ्या एका जखमी जवानाने इंग्लंडच्या हॉस्पिटलातून लिहिलं की हे युद्ध नाही, जगाचा अंत आहे, आपल्या पूर्वजांचं महाभारतातलं युद्ध असंच होतं.

पण सगळं मरणाचंच नव्हतं. जमिनीची भांडणं, पैसे पोचले का, इथली थंडी न् चिखल, फ्रेंच बायका शेतात कशा राबतात, इथे मुलीसुद्धा शाळेत जातात मग आपल्या पोरीला पण घाला, हे पण आहे. मला तरी हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. जखम भरली की परत खंदकात पाठवतात ही तक्रार तर सारखी येते.

मूळ कागद बहुतेक गेले. उरले ते सेन्सॉरचे रिपोर्ट, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, तेही इंग्रजीत आणि बरेचसे नुसते उतारे. ज्याला पाळत ठेवायला बसवलं त्याच्याच फायलींत या माणसांचं बोलणं टिकलं.

मराठा पलटणी मात्र जास्त करून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि जे जिवंत होते ते तुर्कांचे कैदी झाले, त्यातले बरेच परत आलेच नाहीत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडे कुणाच्या माळ्यावर जुनी पत्र्याची पेटी असेल आणि आत फील्ड पोस्ट ऑफिसचा (लष्करी टपालाचा) शिक्का असलेलं मोडी किंवा बाळबोधातलं (देवनागरीतलं) कार्ड सापडलं तर कृपा करून रद्दीत घालू नका, आधी फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्या कोणाला तरी दाखवा.