फॉलोऑन: आकडा, पाऊस आणि कप्तानाची मर्जी

आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर मे महिन्यात एकदा दोन डावांची मॅच झाली. मुंबईहून सुट्टीला आलेल्या चुलतभावाची हौस. चिऱ्यांवर चिरे रचून केलेले स्टंप, खाली तापलेला कातळ. आम्ही २३ धावांत आटोपलो आणि फिल्डिंगला निघालो, तर तो म्हणाला, "थांबा, फॉलोऑन. परत तुमचीच बॅटिंग." आमच्यातला एक उखडलाच, "परत आमीच खेळूचा? ह्यो रडीचो डाव!" खेळलो मग. जिंकलो नाही ते सोडा, पण दुपारपर्यंत भावाचे दोन्ही फास्ट बोलर काजूच्या सावलीत आडवे झाले होते. फॉलोऑनचा सगळा इतिहास त्या दोघांच्या तोंडावर लिहिलेला होता, हे मला फार उशिरा कळलं.

नियम तसा सोपा. पहिल्यांदा फलंदाजी करणाऱ्या संघाला पहिल्या डावात पुरेशी आघाडी मिळाली, तर तो प्रतिस्पर्ध्याला लगेच दुसरा डाव खेळायला लावू शकतो. 'पुरेशी' म्हणजे किती, ते सामन्याच्या दिवसांवर ठरतं. पाच दिवसांच्या कसोटीत २०० धावा, तीन-चार दिवसांच्या सामन्यात १५०, दोन दिवसांच्या १००, एका दिवसाच्या ७५. नंतर फलंदाजी करणाऱ्या संघाला हा हक्कच नाही, आघाडी ३०० ची का असेना.

आज हा हक्क आहे, पण आधी ती सक्ती होती. १८३५ साली फॉलोऑन नियमांत लिहिला गेला तेव्हा १०० धावांनी मागे पडलेल्या संघाला पुन्हा खेळावंच लागे, समोरच्या कप्तानाला कुणी विचारत नसे. १८५४ मध्ये हा आकडा ८० वर आला. आता काजूखालचे ते दोन बोलर आठवा. दिवसभर टाकून दमलेत आणि त्यांना विश्रांती द्यायची सोय नाही. शिवाय शेवटचा डाव आपल्या वाट्याला येणार, तोही उखडलेल्या खेळपट्टीवर. पुढे असलेल्या संघालाच ही शिक्षा व्हायला लागली.

मग पळवाटा निघाल्या. १८९३ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांच्या सामन्यात केंब्रिजच्या गोलंदाजाने मुद्दाम वाईड टाकून चेंडू सीमेपार जाऊ दिले, का तर ऑक्सफर्डला फॉलोऑन बसू नये! सक्तीचा आकडा १२० केला तरी १८९६ मध्ये केंब्रिजने पुन्हा तेच केलं. लॉर्ड्सवरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आणि झालं काय? चौथ्या डावात ऑक्सफर्डने ३३० धावा काढून सामना जिंकला. रडीचा डाव असा उलटलेला पाहून मला तरी बरं वाटतं. शेवटी १९०० साली सक्ती गेली, कप्तानाची मर्जी आली आणि तीन दिवसांच्या सामन्यासाठी १५० चा आकडा ठरला.

सक्तीच्या काळातली सर्वांत जबर किंमत ऑस्ट्रेलियाने मोजली, डिसेंबर १८९४ मध्ये, सिडनीला. पहिल्या डावात ५८६ धावा करूनही ते हरले. फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडने ४३७ काढल्या, ऑस्ट्रेलियाला १७७ हव्या होत्या, २ बाद ११३ वर रात्र झाली आणि रात्रीत पाऊस कोसळला. ओल्या खेळपट्टीवर सकाळी डाव गडगडला, १० धावा कमी पडल्या. फॉलोऑन मिळूनही जिंकण्याचा प्रसंग नंतर थेट १९८१ मध्ये, इंग्लंडमधल्या हेडिंग्ले मैदानावर आला. २००१ चं कोलकाता सगळ्यांना पाठच आहे, फॉलोऑननंतर भारताने ऑस्ट्रेलियाला हरवलं, लक्ष्मण २८१, द्रविड १८०. त्यानंतर कप्तान फॉलोऑन द्यायला कचरू लागले. २०२३ मध्ये वेलिंग्टनला न्यूझीलंडने अशाच सामन्यात इंग्लंडला एका धावेने हरवलं, तेव्हा तर कचरणाऱ्यांना आणखी एक निमित्त मिळालं.

पावसाचं आणखी एक कलम आहे, आणि कोकणातल्या माणसाला ते चटकन पटावं. पहिल्या दिवशी एकही चेंडू पडला नाही, तर दिवस उरलेलेच मोजायचे. म्हणजे पाच दिवसांची कसोटी चार दिवसांची धरायची आणि २०० ऐवजी १५० पुरेत. पण एकदा खेळ सुरू झाला की मागाहून कितीही दिवस वाहून गेले तरी आकडा हलत नाही.

फेब्रुवारी १९७१ मध्ये जमैकात नेमका पहिला दिवस पावसाने खाल्ला. भारत ५ बाद ७५. तिथून मडगावात जन्मलेल्या दिलीप सरदेसाईंनी २१२ काढल्या, आधी एकनाथ सोलकरबरोबर १३७ ची आणि मग नवव्या विकेटला प्रसन्नाबरोबर १२२ ची भागी करत. भारत ३८७, वेस्ट इंडीज २१७. आघाडी १७०, म्हणजे एरवी फॉलोऑनला तीस कमी. भारताचे कप्तान अजित वाडेकर यांना कलम ठाऊक होतं. ते वेस्ट इंडीजचा कप्तान सोबर्स याच्याकडे गेले आणि पुन्हा फलंदाजी करा म्हणून सांगितलं. सोबर्स चकित झाला, पण कलम कलम होतं. दुसऱ्या डावात कन्हायने नाबाद १५८ आणि सोबर्सने ९३ करून सामना वाचवला. पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला होती. ती भारताने सात गडी राखून जिंकली आणि तेवढ्या एका विजयावर मालिकाही.