एक किलोचं पिल्लू आणि दोनशे कॅलरींचा हिशेब

वऱ्हाडातलं कुत्रं पूर्वी वावरातलं किंवा आखरावरचं असायचं. घरची उरलेली भाकर आणि स्वतः मिळवलेलं काहीबाही, एवढ्यावर त्याचं भागायचं. आता नागपूर-अमरावतीहून पामेरियन, पग, शिह त्झूची पिल्लं पिशवीत बसून एसटीनं गावात येतात. वजन जेमतेम एक-दीड किलो. सोबत पाकिटातलं कोरडं खाद्य. मग ओसरीवर प्रश्न येतोच, "आमचा मोत्या त भाकरीवरच वाढला, याले काहून पायजे हे महागाचे दाणे?"

प्रश्न बरोबर आहे, आणि विज्ञान निम्मं मोत्याच्या बाजूनं आहे. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की पिष्ट पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगताना कुत्रा लांडग्यापेक्षा वेगळा झाला तो इथं. त्यामुळं शिजलेली ज्वारी कुत्र्याला पचते. कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, त्याला फक्त मांस घाला, असं सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

अडचण पचनाची नाही, जागेची आहे.

प्राणी जितका लहान, तितकी त्याच्या दर किलो वजनामागं ऊर्जा जास्त जळते. पशुवैद्यक यासाठी एक सूत्र वापरतात: वजनाचा पाऊण घात गुणिले ७०, म्हणजे नुसतं पडून राहायला लागणाऱ्या कॅलरी. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला त्याच्या साधारण तिप्पट लागतात. एक किलोच्या पिल्लाला हे होतात दिवसाला २१०. वीस किलोच्या मोठ्या मोत्याला सगळं धरून सुमारे १०५० लागतात, म्हणजे किलोमागं पन्नासच्या आसपास. पिल्लाची गरज किलोमागं चौपट आणि पोट मात्र इवलंसं. त्यात वाढीसाठी प्रथिनं हवीत. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रकांच्या 'आफ्को' या संघटनेचे निकष जगभर वापरले जातात. त्यांनुसार पिल्लाच्या खाद्यात पाण्याचा अंश वगळून किमान २२.५ टक्के प्रथिनं आणि ८.५ टक्के स्निग्ध पदार्थ असायला हवेत. ज्वारीत प्रथिनं असतात दहा टक्क्यांच्या आसपास, तीही वाढीला लागणारा लायसिन हा घटक कमी असलेली. भाकरीनं पोट भरतं, आणि भरलेल्या पोटात मग दुसरं काही मावत नाही.

लहान जातीच्या पिल्लाचं आणखी एक दुखणं आहे, ते गावात जास्त महाग पडतं. त्याच्या छोट्या यकृतात ग्लायकोजेनचा, म्हणजे राखून ठेवलेल्या साखरेचा साठा तुटपुंजा असतो आणि अंगावर स्नायूही फारसे नसतात. काही तास उपास घडला, थंडी बाधली, जंत किंवा जुलाब झाले, की रक्तातली साखर झपाट्यानं घसरते. पिल्लू झोकांड्या खातं, थरथरतं, मान टाकतं. कधी झटके येतात. अशा वेळी बोटानं हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं, त्याला उबेत गुंडाळायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तालुक्याचा दवाखाना वीस किलोमीटरवर असेल तर ही वेळ टाळलेलीच बरी. म्हणून पहिले तीन-चार महिने दिवसातून चार वेळा खायला द्यावं, चुलीत काड्या सरकवत राहावं तसं थोडंथोडं. रात्री निजण्याआधीचा घास चुकवू नये.

आता पाकीट. दुकानात ते हातात आलं की आधी पाठ पाहायची. पुढचं चित्र, कोंबडीचा फोटो आणि 'प्रीमियम' ही अक्षरं याला काहीच अर्थ नाही. मागं 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं लिहिलेलं आहे का, आणि ते वाढीच्या वयासाठी म्हणजे 'ग्रोथ' किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस'साठी आहे का, हे बघा. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलं असेल तर ते पूर्ण जेवण नव्हे. घटकांची यादी शिजवण्यापूर्वीच्या वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, आणि ताज्या कोंबडीत सुमारे सत्तर टक्के पाणीच असतं. त्यामुळं यादीत पहिलं 'चिकन' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. तिसऱ्या क्रमांकावरचं वाळवलेलं 'चिकन मील' प्रत्यक्षात जास्त प्रथिनं देत असू शकतं. 'ग्रेन-फ्री'साठी जादा पैसे मोजायची मला काही गरज दिसत नाही. धान्याऐवजी वाटाणा-मसूर भरलेल्या अशा खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१८ मध्ये सुरू केली. संबंध सिद्ध झालेला नाही, पण फायदा तरी कुठं सिद्ध झालाय?

पाकिटावर कॅलरी छापलेल्या नसतील तर घरी काढता येतात. समजा २८ टक्के प्रथिनं, १६ टक्के स्निग्ध, ३ टक्के तंतू, ८ टक्के राख (म्हणजे खनिजं) आणि १० टक्के पाणी लिहिलंय. शंभरातून हे वजा केलं की पिष्ट उरतं ३५. प्रथिनं आणि पिष्ट यांना ३.५ नं, स्निग्धाला ८.५ नं गुणून बेरीज करायची. शंभर ग्रॅमला सुमारे ३५५ कॅलरी होतात. म्हणजे आपल्या एक किलोच्या पिल्लाला दिवसाला साठ ग्रॅम, चार वेळात वाटून पंधरा-पंधरा. हा अंदाज झाला. खरी परीक्षा हाताची. बरगड्या बोटांना सहज लागाव्यात, पण डोळ्यांना टोचू नयेत.

दाणा लहान जातीसाठी बनवलेला, बारीक घ्यावा. इवल्या जबड्यात मोठा दाणा एकतर अडकतो नाहीतर अख्खा गिळला जातो. सुरुवातीला कोमट पाण्यात भिजवून दिलेला चांगला. दुधात नको, आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं आणि बऱ्याच पिल्लांना हगवण लागते. पूर्ण आहार सुरू असताना कान उभे राहावेत म्हणून कॅल्शियमची बाटली पाजू नये. खाद्यात कॅल्शियम १.२ ते २.५ टक्के असतंच आणि कोवळ्या पिल्लाच्या आतड्याला जादाचं कॅल्शियम नीट अडवता येत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती साठवणीची. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि टिनाच्या छपराखाली तर विचारूच नका. कोरड्या दाण्यावर वरून चरबी फवारलेली असते. उष्णता आणि हवा लागली की ती खवट होते, सोबत काही जीवनसत्त्वंही जातात. म्हणून पोत्यातून किलोवर मिळणारं सुटं खाद्य स्वस्त असलं तरी नको. ते कधी उघडलं, कुणाला ठाऊक? महिन्यात संपेल एवढंच पाकीट घ्यावं, मूळ पिशवीसकट झाकणाच्या डब्यात घालून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावं. पावसाळ्यात दमटपणानं बुरशी लागते. मका आणि भुईमुगावर वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष कुत्र्याचं यकृत निकामी करतं, आणि ते शिजवूनही नष्ट होत नाही. २०२०च्या अखेरीस अमेरिकेत अशा दूषित खाद्यामुळं कुत्री दगावली आणि माल परत मागवावा लागला. कुबट वास आला तर पैशाकडं न पाहता फेकून द्या. कोंबड्यांनाही घालू नका.

गोठ्यातल्या सरकीच्या ढेपेवरही नजर हवी. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. गाई-म्हशींच्या पोटात त्याचा बराचसा भाग निष्प्रभ होतो, पण कुत्र्याकडं ती सोय नाही. ते रोज थोडंथोडं पोटात गेलं तर साठत जातं आणि हृदयावर आघात करतं. पिल्लाला ढेपेच्या टोपल्यात तोंड घालायची सवय लागू देऊ नये.

राहिला खाऊ. नियम असा, की खाऊतून दिवसाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त कॅलरी जाऊ नयेत. आपल्या पिल्लासाठी हे झाले २१. एका ग्लुकोज बिस्किटात साधारण पंचवीस असतात! चहाच्या वेळी घरातल्या चौघांनी लाडानं एकेक टाकलं की पिल्लाचं निम्मं जेवण मैदा-साखरेत गेलं. त्यापेक्षा बिनमिठाची उकडलेली कोंबडी बोटाच्या पेराएवढी, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, शिजवलेलं कोहळं, गाजराचा तुकडा. बस म्हणायला, जवळ बोलवायला शिकवताना तर त्याच्याच वाटीतले दाणे मोजून खिशात ठेवावेत. बक्षीस किती मोठं, याचं पिल्लाला सोयरसुतक नसतं. कोंबडीची शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात, ती नकोच.

कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतात, तेव्हा झुणका आणि सावजी रस्सा बाद. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंड बंद पाडू शकतात. चॉकलेट आणि झायलिटॉल ही बिनसाखरेची गोडी घातलेलं च्युइंगगम हेही कुत्र्याला विषच. एक किलोच्या जिवाला वीस किलोच्या कुत्र्याच्या विसाव्या हिश्शातच विषबाधा होते.

चार महिन्यांनंतर पिल्लाची गरज पडून राहायला लागणाऱ्या कॅलरींच्या तिपटीवरून दुपटीकडं उतरते, तेव्हा वजन बघत माप बदलत राहावं लागतं. लहान जाती नऊ ते बारा महिन्यांत पूर्ण वाढतात. त्या सुमारास जुन्या खाद्यात नवं मिसळत, आठवडाभरात प्रमाण वाढवत मोठ्या कुत्र्याच्या दाण्यावर आणावं. तोवर सगळे बेचाळीस पक्के दात आलेले असतात. बारीक तोंडात दुधाचे सुळे कधीकधी पडतच नाहीत, तेव्हा लसीकरणाला नेताना डॉक्टरांना तोंड उघडून बघायला सांगा.