दोनच तर वायरी जोडायच्यात!

मोटारसायकल ॲक्सेसरीजच्या आमच्या काउंटरवर हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येतं. ग्राहक फॉग लाइटचा किंवा यूएसबी चार्जरचा खोका पुढे सरकवतात, आम्ही म्हणतो, "गाडी दिवसभर ठेवावी लागेल," आणि समोरच्याच्या कपाळावर आठी पडते. "लाल ती प्लस, काळी ती मायनस. दिवस कशाला हवा?" विचारणं रास्त आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

नवीन जोडायला फार वेळ लागत नाही, वेळ जातो तो आधीचं सोडवण्यात. टूरिंगच्या बऱ्याच गाड्यांमध्ये आमच्याआधी कुणीतरी हात घातलेला असतो. पद्धतही ठरलेली असते. हेडलाइटच्या मागे चावीबरोबर चालू होणारी वायर टेस्टरने शोधायची आणि तिला निळा प्लास्टिकचा चिमटा मारायचा. पकडीने दाबला की त्याच्या आतलं पातं इन्सुलेशन कापून तांब्याला टेकतं. पाच मिनिटांत काम फत्ते. एका जागी स्थिर असणाऱ्या वस्तूत असा जोड टिकेलही. पण मोटारसायकल तासन्‌तास थरथरते, तापते, भिजते. पातं एकेक तार कुरतडत जातं आणि कापलेल्या जागेतून पाणी आत शिरतं.

अलीकडेच अशी एक गाडी आली. खड्ड्यात आदळली की नेव्हिगेटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा आणि पावसात हेडलाइट मिणमिणायचा. बॅटरीवर संशय घेऊन मालकांनी नवी बॅटरीही टाकून पाहिली होती. आमचे दोन तास शोधण्यात गेले. शेवटी हेडलाइटच्या मागे, चिकट होऊन ओघळलेल्या काळ्या टेपखाली, एकाच वायरीवर ओळीने चार चिमटे निघाले. एक चार्जरचा, एक नेव्हिगेटरचा, एक फॉग लाइटचा, आणि चौथा कशाचा ते मालकांनाही आठवेना. फॉग लाइटचा चिमटा उघडला तर आत हिरवी भुकटी, आणि शाबूत तारा मोजून पाच. वायरीला बोटाने टिचकी मारली की हेडलाइट विझायचा.

चिमटा बदलून चांगला जोड मारला तरी मूळ चूक तशीच राहते. ती चूक म्हणजे उसनी वायर. कंपनीने ती वायर एका दिव्याच्या हिशोबाने घातलेली असते. ५५ वॅटचा बल्ब साडेचार-पाच अँपिअर घेतो. तिच्यावर ५५-५५ वॅटचे दोन हॅलोजन लावले की एकूण करंट १४ अँपिअरच्या घरात जातो. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची आणि जाऊन-येऊन लांबी ४ मीटर धरली, तर सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच खर्च होतो. उजेड वाढवायला दिवे घेतले आणि मूळचा हेडलाइटच मंद झाला, ही तक्रार येते ती इथून.

पुढची पायरी फ्यूजची. १० अँपिअरचा फ्यूज उडू लागतो, मग कुणीतरी लाल काढून हिरवा बसवतं, म्हणजे ३० चा. आता फ्यूज उडत नाही खरा, पण त्याच्याऐवजी वायर तापते. फ्यूज वायरीला सांभाळायला असतो, त्यामुळे तो वायरीच्या जाडीवरून ठरतो आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत बसतो. फॉग लाइटजवळ लावलेला फ्यूज शोभेचा! मधली सगळी वायर तशीच उघडी राहते, आणि ती हँडलच्या मानेपाशी घासून फ्रेमला टेकली तर स्टार्टर फिरवायला शंभराहून जास्त अँपिअर सोडणारी बॅटरी तिच्यावर रिकामी होते.

म्हणून आम्ही ॲक्सेसरीजसाठी बॅटरीपासून स्वतंत्र लाइन टाकतो. प्लसवरून फ्यूज, तिथून रिलेचं (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचं) ३० नंबरचं टोक, ८७ नंबरच्या टोकातून बाहेर पडून छोटा फ्यूज बॉक्स, आणि प्रत्येक वस्तूला तिचा वेगळा फ्यूज. मायनस थेट बॅटरीवर परत आणतो. फ्रेमच्या एखाद्या बोल्टवर अर्थिंग घेतलं की रंग आणि गंज आडवे येतात. रिलेला चालू-बंदचा इशारा टेललाइटच्या वायरीतून मिळतो. इथे चौकस ग्राहक आम्हाला पकडतात, "म्हणजे तुम्हीही गाडीच्या वायरीतून करंट घेताच की!" घेतो, पण रिलेच्या कॉइलला लागणारा, साधारण ०.१५ अँपिअर, आणि तोही कंपनीच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या प्लगमध्ये, जोडकपलर घालून. वायर कापत नाही. उद्या गाडी विकायची झाली तर कपलर काढा, गाडी मूळ स्थितीत. ज्या गाड्यांचा कंट्रोलर दिव्यांच्या करंटवर लक्ष ठेवतो, तिथे उसना करंट घेतला की दिव्याचा एरर येतो किंवा ती लाइनच बंद केली जाते. अशा गाड्यांवर आम्ही कंपनीच्या ॲक्सेसरी सॉकेटमधून इशारा घेतो.

"मग सरळ बॅटरीवरच जोडा ना, रिले कशाला?" कारण रिले नसेल तर चावी काढली तरी वस्तूला करंट मिळतच राहतो. व्होल्टमीटर असलेला चार्जर बंद गाडीतही २० मिलिअँपिअर खात राहिला, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर जातो. बॅटरी ८ अँपिअर-अवरची असेल तर आठ-दहा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचा स्टार्टर नुसता टकटक करू शकतो.

जोडांना आम्ही डाग देत नाही, म्हणजे सोल्डरिंग करत नाही, वायरीच्या टोकावर दाबून थिंबल (धातूची टोपी) बसवतो, याचंही काहींना नवल वाटतं. डाग दिलेली वायर जिथे कडक होते, थरथरीने नेमकी तिथेच तुटते.

आम्ही फॉग लाइट विकतो, तरी प्रत्येकाला घ्या म्हणत नाही. आधी सगळं चालू ठेवून, इंजिन चार हजारांच्या आसपास फिरवून बॅटरीवर व्होल्टेज मोजतो. १३ च्या खाली उतरलं तर अल्टरनेटरला, म्हणजे गाडीच्या वीज बनवणाऱ्या भागाला, आताचाच भार जड जातोय. मग हीटेड ग्रिप (हँडलच्या तापणाऱ्या मुठी) आणि जोडी हॅलोजन दोन्ही एका गाडीवर नको, एलईडी घ्या, असं तोंडावर सांगतो. २०-२० वॅटच्या एलईडीची जोडी साडेतीन अँपिअरच्या आत भागते. हे मोजमाप प्रत्येक कामात धरलेलंच असतं.

स्वतः हातांनी करणाऱ्यांसाठी फ्यूज, रिले आणि नाव लिहिलेल्या टोकांसह तयार वायरिंग आमच्याकडे मिळतं. सोडवताना मायनस आधी, जोडताना शेवटी. नाहीतर प्लसवरचा पाना फ्रेमला टेकला की ठिणगी ठरलेली. वायर बांधायचे टाय आवळण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना ते पाहा.

काम आम्हाला द्यायचं असेल तर आधी काय-काय लावलंय ते आठवेल तेवढं लिहून आणा, आमचा निम्मा वेळ वाचतो. आणि येताना टाकीत पेट्रोल कमी असू द्या, टाकी उतरवावीच लागते.