पाणपक्ष्यांचे छायाचित्रण

नद्या, तलाव, खाड्या आणि दलदलीत वावरणाऱ्या पक्ष्यांची त्यांच्या अधिवासातच छायाचित्रे घेण्याची वन्यजीव छायाचित्रणाची शाखा. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर आणि ठाणे खाडी ही तिची परिचित ठिकाणे असली, तरी या कामासाठी पुणे जिल्ह्यातल्या भिगवणइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या फुगवट्यामुळे भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ परिसरात उथळ पाण्याचा मोठा पट्टा तयार झाला. हिवाळा सरताना पाणी ओसरते, चिखल उघडा पडतो आणि रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, शेकाट्या, चक्रवाक चरायला उतरतात. स्थानिक मच्छीमारांच्या होड्यांतून छायाचित्रकारांना तिथपर्यंत जाता येते.

होडीचा खरा फायदा जवळ जाण्यात नसून खाली बसता येण्यात आहे. उंच काठावरून घेतलेल्या चित्रात पक्ष्यामागे केवळ पाणी दिसते आणि पक्षी त्याला चिकटवल्यासारखा वाटतो. तोच कॅमेरा होडीच्या कडेला, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीत आणला की मागचा काठ दूर जाऊन धूसर होतो आणि पक्षी उठून दिसतो. होडी हलत असल्याने तिवई निरुपयोगी ठरते. बसलेल्या पक्ष्यासाठीही शटरचा वेग सेकंदाच्या १/१००० च्या आसपास ठेवणे बरे, उडणाऱ्यासाठी १/२००० किंवा त्याहून जास्त.

सूर्योदयानंतरचे साधारण दोन तास आणि मावळतीपूर्वीचा तास सर्वांत उपयोगी. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी असला की पक्ष्याच्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका येतो. तो नसेल तर उत्तम पिसाऱ्याचे चित्रही निर्जीव वाटते. पांढऱ्या पक्ष्यांबाबत कॅमेऱ्याचे प्रकाशाचे मोजमाप हमखास चुकते. गडद पाण्यावरचा छोटासा बगळा टिपताना कॅमेरा सगळे दृश्य उजळ करू पाहतो आणि पिसांचे तपशील पांढऱ्या डागात हरवतात. तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, अर्धा ते एक स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). बगळ्याने चौकट भरली असेल किंवा मागे धुके असेल, तर उलट ते वाढवावे लागते.

चौकट आखताना पाण्यातले प्रतिबिंब हा पक्ष्याचाच भाग मानावा. ते अर्ध्यावर कापण्यापेक्षा खाली जागा सोडावी किंवा पूर्ण वगळावे. पक्षी ज्या दिशेला पाहतो तिकडे मोकळी जागा हवी आणि पाण्याची रेषा तिरकी नको. थव्यात एकमेकांत गुंतलेल्या माना-पायांचा गोंधळ टाळायचा, तर दोन पक्ष्यांत फट पडेपर्यंत थांबावे लागते.

रोहित उडण्याआधी पाण्यावरून काही पावले धावतो आणि बहुतेक मोठ्या पक्ष्यांप्रमाणे वाऱ्याच्या तोंडावर झेपावतो. त्यामुळे ऊन आणि वारा दोन्ही पाठीमागून येत असतील, तेव्हा तो कॅमेऱ्याकडे झेपावण्याची शक्यता जास्त. चरताना पांढुरका-गुलाबी दिसणारा हा पक्षी पंख उघडतो तेव्हा त्यांवरचा लाल आणि काळा रंग दिसतो. याच एका क्षणासाठी थव्यावर होडी घालून तो मुद्दाम उडवला जातो, आणि ते अक्षम्य आहे. रोहित चोच उलटी बुडवून, पाणी गाळून अन्न मिळवतो. थव्यातल्या माना एकापाठोपाठ एक वर येऊ लागल्या म्हणजे चरणे थांबले. होडी तिथेच थांबवावी, माना पुन्हा खाली गेल्याशिवाय पुढे नेऊ नये.