कोपेश्वर मंदिर, खिद्रापूर

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी असलेले प्राचीन शिवमंदिर. स्वर्गमंडप, सभामंडप, अंतराळ (गाभाऱ्यापुढील लहान दालन) व गर्भगृह अशी त्याची रचना आहे.

मंदिराची कथा दक्षयज्ञाशी जोडलेली आहे. बोलावणे नसताना सती नंदीवर बसून पित्याच्या यज्ञाला गेली. तेथील अपमान असह्य होऊन तिने देहत्याग केला. कोपलेल्या शिवाला विष्णूने येथे आणून शांत केले, म्हणून शिव तो कोपेश्वर. गाभाऱ्यात दोन लिंगे असून दुसरे, धोपेश्वर, विष्णूचे मानतात. विष्णूची लिंगरूपात पूजा विरळाच. शिवाय राजापूरजवळच्या धोपेश्वर गावचे धूतपापेश्वर हे दैवत शिवाचेच आहे. त्यामुळे ही ओळख स्थानिक परंपरेपुरती धरणे बरे. मंदिरासमोर नंदी नाही. सतीला घेऊन गेलेला नंदी नदीपलीकडे बेळगाव जिल्ह्यातील यडूर येथे असल्याचे सांगतात. यडूरचे मुख्य दैवत वीरभद्र. दक्षाचा यज्ञ उधळणारा तोच, हे येथे लक्षात घेण्याजोगे.

मंदिराच्या काळाविषयी एकमत नाही. काही जण आरंभ बदामीच्या चालुक्यांपर्यंत मागे नेतात, पण आजच्या वास्तूत त्याला आधार दिसत नाही. दक्षिण दरवाजाजवळ यादव राजा दुसरा सिंघण याचा संस्कृत शिलालेख असून तो साधारणतः इ. स. 1213-14चा मानला जातो. त्यावरून मंदिर यादवांचे ठरवण्याचा मोह होतो. मात्र लेखाचा विषय बांधकाम नसून देवाच्या पूजेसाठी दिलेले ग्रामदान आहे; म्हणजे त्यावेळी देवस्थान नांदते होते. सिंघणाने कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य जिंकून फार वर्षे लोटली नव्हती. हे पाहता मुख्य बांधकाम बाराव्या शतकात शिलाहारांच्या आश्रयाने झाले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याचे श्रेय बहुधा शिलाहार राजा गंडरादित्याला दिले जाते.

स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध वर्तुळाकार मोकळी जागा असून तिच्याखाली जमिनीवर तशीच वर्तुळाकार शिळा आहे. भोवती बारा खांबांचे कडे. होमाचा धूर वर जावा म्हणून छत उघडे ठेवले, असे सांगितले जाते. मंडपात कार्तिकेय आणि वाहनांसह दिक्पाल (दिशांचे रक्षक देव) कोरलेले आहेत. मंदिराच्या तळाशी हत्तींचा थर असून संपूर्ण मंदिर त्यांनी पाठीवर तोलल्याचा भास होतो. बाह्य भिंतींवर देवदेवता व सुरसुंदरी (अप्सरांच्या मूर्ती) आहेत. बऱ्याच मूर्ती भग्न आहेत.

गावात आदिनाथाचे जैन मंदिरही आहे.