रुग्णनोंदवही (जन्मजात केंद्रीय अल्पश्वसन)

रुग्णनोंदवही (रजिस्ट्री) म्हणजे एकाच आजाराच्या रुग्णांची माहिती संशोधनासाठी संमतीने, ठरलेल्या नमुन्यात आणि वर्षानुवर्षे जमवत जाणे. मराठवाड्यात ‘रजिस्ट्री’ म्हटले की जमिनीचे खरेदीखत आठवते; ते एकदा झाले की झाले. इथे खरे काम पहिल्या नोंदीनंतर सुरू होते.

जन्मजात केंद्रीय अल्पश्वसनात (सीसीएचएस) फुप्फुसे धड असतात. झोप लागली की श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, पण मेंदूला त्याची वर्दीच पोचत नाही. बाळ धापही टाकत नाही आणि जागेही होत नाही. झोपेत यंत्राचा श्वास जन्मभर लागतो. विकाराचे पहिले वर्णन १९७० चे. त्यामागे ‘फॉक्स-टू-बी’ हे जनुक असल्याचे २००३ मध्ये सापडले. या जनुकावरून बनणाऱ्या प्रथिनाच्या एका भागात अ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लाचे २० घटक सलग असतात. बहुतेक रुग्णांत जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत दोष असतो आणि ते २४ ते ३३ भरतात. घटक जितके जास्त, तितकी जागेपणीही यंत्र लागण्याची शक्यता जास्त. हृदयाचे ठोके मध्येच थांबण्याचा धोकाही या आकड्याशी निगडित आहे. हे एकेका डॉक्टरला दिसणारे नव्हते. देशोदेशीचे रुग्ण एकत्र मांडले तेव्हा ते दिसले.

फ्रान्समधला अंदाज दोन लाख जन्मांमागे एक रुग्ण असा आहे. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८७ लाख होती. तेच प्रमाण धरले तर आठ जिल्ह्यांत मिळून वर्षाला एखाददुसरे बाळ. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातल्या किंवा अंबाजोगाईच्या बालरोगतज्ज्ञाला उभ्या नोकरीत दुसरा रुग्ण दिसेलच असे नाही. म्हणून नोंद देशपातळीवर जावी लागते. दुर्मिळ व आनुवंशिक विकारांची राष्ट्रीय नोंदवही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सुरू केली आहे. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणातले एक उत्कृष्टता केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे.

नोंदीत आई-वडिलांची जनुक तपासणीही हवी. मामाच्या मुलीशी लग्न केले म्हणून असे झाले, हा ठपका गावात लगेच ठेवला जातो. तो इथे चुकीचा आहे: दोषाची एकच प्रत पुरते आणि बहुधा तो बाळातच नव्याने उद्भवतो. क्वचित मात्र आई किंवा वडिलांत तो सौम्य रूपात दडलेला असतो, आणि तेव्हा पुढच्या बाळंतपणाचा प्रश्न येतो.

गावपातळीवर नोंद ठेवण्याचा अनुभव या भागाला नवा नाही. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे, आणि तिच्यात धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि भूम हे तालुकेही आले. कार्यकर्ते स्वतः गावोगाव गेले, म्हणून ती उभी राहिली.

पाठपुरावा हीच अवघड बाजू. बीडकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघतात ती उन्हाळ्यातच परततात. फडाजवळच्या कोपीत वीज नाही, आणि घरच्या पत्त्यावर गेलेले पत्र म्हातारीच्या हाती पडते. अशा कुटुंबासाठी पत्त्याचा एकच रकाना पुरत नाही. हंगामातला मुक्काम, मुकादमाचा फोन आणि यंत्र किती तास चालले हेही लिहावे लागते.

माहिती संशोधकांना देताना नाव काढले जाते. पण अख्ख्या तालुक्यात असे एकच लेकरू असेल, तर वय आणि तालुका एवढ्यावरूनही ते ओळखू येते. म्हणून गाव-तालुका गाळून फक्त विभाग ठेवणे बरे.